गोठ्याचं टू-वे बटण आणि वाचवलेली एक तार

परवा गोठ्यातला बल्ब बदलायला चढलो. दिवा बंद होता, तरी होल्डरला बोट लागलं अन् झटका बसला. खाली ओली जमीन, शेजारी म्हैस. थोडक्यात वाचलो.

आमच्याकडं एक बटण घरात, दुसरं गोठ्यात. दिवा दोन्हीकडून चालतो. (अमेरिकेत यालाच थ्री-वे म्हणतात. ते पेच मोजतात, आपण वाटा.) बोर्ड उघडला तर प्रत्येक बटणाच्या एका पेचावर फेज, दुसऱ्यावर न्यूट्रल आणि मधल्या पेचातून एक तार थेट दिव्याला. दोन बटणं वेगळ्या बाजूला असली की दिवा लागतो, एकाच बाजूला असली की विझतो. पण विझण्याचे प्रकार दोन: दोन्ही तारा न्यूट्रलवर, नाहीतर दोन्ही फेजवर. वडील तिथं वर्षानुवर्षं बल्ब बदलत आले. त्यांना न्यूट्रल सापडला, मला फेज.

ही जुनी कार्टर पद्धत. अमेरिकेच्या विद्युत संहितेनं ती १९२३ पासून बाद केली. तिथल्या बहुतेक शेतांवर वीज पोचली ती १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर, म्हणजे मनाई आधी अन् तारा नंतर. आपल्याकडंही तसंच. नुसत्या न्यूट्रलवर बटण टाकायचं नाही, हे भारतीय वीज नियमांत १९५६ पासून आहे. महाराष्ट्राचं वीज मंडळच १९६० चं.

मग आमच्या गोठ्यात ती आली कशी? कडबाकुट्टीसाठी फेज-न्यूट्रल तिथं आधीच होते. त्यामुळं घरातल्या बटणापासून गोठ्यापर्यंत एकाच तारेत काम भागलं. नीट करायचं तर दोन लागतात. वायरमननं शंभर फूट तार वाचवली, अन् तेव्हा वडिलांनाही ते बरंच वाटलं असणार. मी त्यांना दोष देत नाही, तारेचे पैसे दुधातूनच जायचे.

काल मेन बंद करून सगळं बदललं. फेज घरातल्या बटणाच्या मधल्या पेचाला, तिथून दोन तारा गोठ्यातल्या बटणाला, त्याच्या मधल्या पेचातून दिवा. न्यूट्रल सरळ होल्डरला, बटणाकडं फिरकतच नाही. मग बल्ब काढून चारही जोड्यांत टेस्टर लावला: दोन जोड्यांत होल्डरच्या एका पिनेवर फेज, उरलेल्या दोनांत दोन्ही पिना गप्प.

तुमच्याही गोठ्यात घरातल्या बटणापासून एकच तार गेली असेल, तर मेन पाडून बोर्ड उघडून बघा.