पवनारचें एक खिशांतलें घड्याळ

राजेरजवाड्यांच्या घराण्यांत तरवारी, सनदा आणि शिक्के जपून ठेवलेले असतात. त्यांवरून इतिहासकार त्या घराण्यांचा इतिहास सिद्ध करितात. सामान्य गृहस्थाच्या घरीं अशीं साधनें कोठून असणार? जमाखर्चाच्या दोनचार वह्या, एखादा पत्रांचा जुडगा आणि फार तर वडिलार्जित घड्याळ, एवढाच त्याचा दप्तरखाना. परंतु ह्या दप्तरखान्यांतील वस्तूहि, त्यांस नीट प्रश्न विचारले असतां, साक्ष देतात. आणि कधीं कधीं ती साक्ष घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या विरुद्धहि जाते. असा एक अनुभव मला नुकताच आला, तो वाचकांपुढें ठेवितों.

आमचें मूळ घर पवनारचें. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेनें दोन-अडीच कोसांवर, धाम नदीच्या कांठीं हें गांव आहे. माझे पणजोबा वर्ध्यास कापसाच्या एका अडतीवर कारकून होते. त्यांचें एक चांदीच्या डबीचें, स्विस बनावटीचें खिशांतलें घड्याळ आमच्या घरीं आहे. साखळी केव्हांच नाहींशी झाली. तिच्या जागीं काळा गोफ आहे. डबीच्या कडेस एक खोल पोंचा पडलेला असून पांढऱ्या तबकडीवर त्याच बाजूनें केसासारखी एक चीर गेली आहे. कांटे अकरा वाजून वीस मिनिटांवर थांबलेले. ह्या पोंच्याची आणि ह्या कांट्यांची कथा आमच्या घरांतील प्रत्येक मुलास पाठ असते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं पवनारास धाम नदींत गांधीजींच्या रक्षेचें विसर्जन झालें. त्या दिवशींच्या गर्दींत पणजोबांच्या हातून घड्याळ निसटून नदीकांठच्या खडकावर पडलें व बंद झालें. आणि त्यांनीं त्यास पुन्हां कधीं किल्ली दिली नाहीं, अशी ती कथा. माझी आत्या त्या वेळीं आठ वर्षांची होती व आजोबांचें बोट धरून तेथें उभी होती. घड्याळ पडल्याचा आवाज आपण ऐकला, असें ती आजहि सांगते.

यंदा मीं तें घड्याळ दुरुस्त करवून घेण्याचें मनांत आणलें. आत्येस तें रुचलें नाहीं. ती म्हणाली, “अरे, तें बिघडलेलें नाहीं, आजोबांनीं तें थांबविलें आहे. तूं कोण चालविणारा?” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. अखेर, कांटे न हलवितां घड्याळ केवळ आंतून पुसून आणावें, एवढ्यापुरती तिची संमति मिळवून मी एका वृद्ध घड्याळजीकडे गेलों.

त्यानें मागचें झाकण उघडलें, डोळ्यास भिंग लाविलें, आणि यंत्राकडे न पाहतां प्रथम झाकणाची आंतली बाजू उजेडांत धरली. ती मला दाखवून तो म्हणाला, “हें आधीं वाचा.” तेथें सुईच्या टोकानें ओढलेल्या बारीक रेघा होत्या. नुसत्या डोळ्यांस ते ओरखडे वाटावे. भिंगाखालीं मात्र ते आंकडे झाले. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर आपली खूण व तारीख झाकणाच्या आंत कोरून ठेवतो, म्हणजे तेंच घड्याळ पुन्हां आल्यास मागील काम केव्हांचें हें कळतें. ही चाल फार जुनी आहे, व ती युरोपांतहि आहे. आमच्या घड्याळांत अशा सात खुणा निघाल्या. सर्वांत जुनी वाचतां येणारी १९०९ ची. त्यानंतर चार-सहा वर्षांच्या अंतरानें पांच. आणि सर्वांत शेवटची ‘३-४८’, म्हणजे मार्च १९४८!

ह्या शेवटच्या खुणेनें मी चकित झालों. पडल्यावर थांबलें तें थांबलें, हें खरें असेल तर महिन्याभरांत तें घड्याळजीकडे कसें गेलें? परंतु घाईनें निर्णय न देतां पुढील साक्ष ऐकणें बरें. त्या काळचीं अशीं घड्याळें सामान्यतः सेकंदास पांच ठोके देतात; दिवसाचे ठोके चार लक्ष बत्तीस हजार होतात. हें सर्व काम ज्या चक्राच्या डोलण्यावर चालतें, त्या चक्राच्या आंसाचीं टोंकें केसाइतकींच बारीक असतात. घड्याळ हातून पडलें कीं बहुधा प्रथम तीं मोडतात. आमच्या घड्याळाचा आंस मूळचा नव्हता. तो कोणी कारागिरानें लेथीवर हातानें उतरवून बसविलेला होता. म्हणजे घड्याळ पडलें, आंस मोडला, आणि तो नवा करण्यांत आला, हें निश्चित. आतां तें पुढें बंद कां पडलें? तर किल्लीची मुख्य कमान तुटलेली होती व तेल वाळून त्याची डिंकासारखी खळ झाली होती. कमान वापरानें तुटते, ठेवून दिल्यानें सहसा तुटत नाहीं. तेव्हां १९४८ नंतरहि हें घड्याळ पुष्कळ दिवस चाललें असावें, व अकरा-वीस ही विसर्जनाच्या दिवसाची वेळ नसून पुढच्या कोणत्या तरी अनामिक दिवसाची आहे, असें अनुमान निघतें.

एका साधनावर विसंबूं नये, म्हणून मीं घरच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. १९४८ च्या मार्चांत पणजोबांच्या हातची एक नोंद सांपडली: ‘घड्याळ दुरुस्ती, रु. ३-८-०’. शेजारीं मिठाची आणि पेळूची खरेदी. दुसरें कांहीं लिहिलेलें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करून, ह्या घड्याळानें पवनारास काय पाहिलें, तें सांगणें अवश्य आहे. पवनार हें गांव काळाच्या हिशोबास नवें नव्हे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्यानें आपले ताम्रपट ज्या प्रवरपुराहून दिले तें नगर हेंच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं प्रतिपादिलें. पुढें मनसर येथील उत्खननांनंतर कांहीं अभ्यासकांनीं प्रवरपुराचा मान त्या स्थळास दिला आहे. तो वाद चालूच आहे. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें पवनारास उत्खनन केलें, तेव्हां येथील वस्तीची प्राचीनता तरी निर्विवाद ठरली. अशा गांवीं शतकानुशतकें काळ मोजला जाई तो सूर्यावरून आणि लग्नमुंजींत घटिकापात्रावरून. बुडाशीं भोंक असलेली तांब्याची वाटी पाण्यांत सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे आपलीं चोवीस मिनिटें. अशा साठ घटकांचा दिवस. ही वेळ सर्वस्वीं गांवची होती. तिचा दुसऱ्या गांवाशीं संबंध नव्हता.

१८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला, आणि गांवच्या वेळेस प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत रॉस्कोफ नांवाच्या कारागिरानें आपलें स्वस्त घड्याळ मांडलें. मजुरासहि घेतां यावें म्हणून त्यानें त्यांतील भाग कमी करून टाकले होते. ह्या जातीचीं, पाठीवर आगगाडीचें इंजिन कोरलेलीं घड्याळें पुढें हिंदुस्थानांत विपुल आलीं. आमचें घड्याळ त्याहून वरच्या प्रतीचें, पंधरा खड्यांचें आहे. परंतु त्याचेंहि प्रयोजन आगगाडीच. कापसाच्या गांठी कोणत्या मालगाडीनें जावयाच्या हें पाहणाऱ्या कारकुनास आभाळाकडे पाहून भागत नसे.

आगगाडीची वेळ मात्र पवनारच्या सूर्याची नव्हती. आरंभीं रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. ती येथील सूर्यापेक्षां सुमारें सहा मिनिटें पुढें. १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशासाठीं एक प्रमाणवेळ आली. ती येथें सुमारें पंधरा मिनिटें पुढें. मुंबईकरांस ही वेळ इतकी परकी वाटली कीं, मुंबईंत जुनी ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें टिकून होती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारनें घड्याळें आणखी एक तास पुढें केलीं, तेव्हां पवनारच्या माथ्यावर सूर्य येई तो सव्वा वाजतां! हे सर्व फरक पणजोबांच्या बोटांनीं ह्याच किल्लीवर केले असले पाहिजेत.

आणखी एक वेळ ह्या भागांत आली, ती आश्रमांची. गांधीजी १९३६ सालीं शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले. विनोबा १९३८ सालीं पवनारास आले. आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनीं येथेंच भाषण केलें. गांधीजींच्या कंबरेचें लटकतें घड्याळ सर्वांस चित्रांतून परिचित आहे. ज्यांच्या अंगावर सदरा नव्हता, म्हणून खिसा नव्हता, त्यांनीं खिशांतलें घड्याळ मात्र सोडलें नव्हतें. १९४७ सालीं दिल्लीच्या प्रवासांत कानपूर येथें त्यांचें झेनिथ घड्याळ चोरीस गेलें. कांहीं महिन्यांनीं चोरानें तें परत आणून क्षमा मागितली. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळीं सरदार पटेलांशीं चाललेलें बोलणें लांबलें, प्रार्थनेची पांचची वेळ टळली, तेव्हां आभाबेननीं त्यांच्यासमोर घड्याळ धरिलें होतें. उशीर झाल्याची खंत करीतच ते प्रार्थनास्थळाकडे निघाले. तें झेनिथ घड्याळ पुढें आभाबेनकडे राहिलें, आणि २००९ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्यांचा चष्मा, चपला व ताटवाटी ह्यांसह अठरा लक्ष डॉलरांस विकलें गेलें. वस्तूस किंमत येते ती धातूची नव्हे, संबंधाची, हें त्यावरून दिसतेंच. परंतु ज्या घरांत असे संबंध रोज हाताळले जातात, तेथें लिलांवाचा आंकडा निरुपयोगी आहे.

आतां मुख्य प्रश्न. घड्याळाचें काय करावें? घड्याळजीनें विचारलें, “पोंचा काढून डबीस उजाळा देऊं कां? तबकडीहि दुसरी मिळेल.” जुन्या वस्तूच्या दुरुस्तींत नेहमीं हा प्रसंग येतो. वस्तु नवी दिसावी ह्या मोहानें आपण तिची साक्षच पुसून टाकितों. मला पवनारच्याच शिल्पांची आठवण झाली. विनोबांच्या आश्रमाच्या भूमींत खणतांना प्राचीन मूर्ति निघाल्या. त्यांतील एका शिल्पांत त्यांस राम-भरताची भेट दिसली. कोठें नाक गेलेलें, कोठें हात तुटलेला. परंतु कोणी सिमेंटाचें नाक बसविलें नाहीं. त्या जशा निघाल्या तशा आश्रमांत ठेविल्या आहेत, आणि लोक त्यांस नमस्कार करितात. भग्न भागहि त्या मूर्तीच्या आयुष्याचा भाग आहे, एवढें त्यांत ओळखलें गेलें. म्हणून मीं घड्याळजीस सांगितलें कीं, पोंचा, चीर आणि झाकणावरील खुणा ह्यांस हात लावूं नये. नवी कमान व नवें तेल ह्यांविषयीं मात्र मी थांबलों. तो निर्णय एकट्याचा नव्हता.

पवनारास जाऊन मीं वही आत्येपुढें ठेविली. तिनें ती नोंद वाचली, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. एका वृद्ध बाईच्या हातून तिची बालपणची आठवण काढून घेतल्यासारखें मला झालें, व इतिहासाच्या ह्या हौसेची शरम वाटली. खरें पाहतां तिची आठवण खोटी नव्हतीच. घड्याळ पडलें होतें. आवाज तिनें ऐकला होता. त्या उन्हाळ्यांत ती शिक्षणासाठीं नागपुरास मामांकडे गेली. आणि परत आली तेव्हां आजोबा गेले होते व घड्याळ पेटींत बंद होतें. मधलीं वर्षें तिनें पाहिलीं नाहींत. त्यांची जागा कथेनें भरून काढली. शोकानें घड्याळ थांबविणारा मनुष्य आपणां सर्वांस जवळचा वाटतो. परंतु वहींतला मनुष्य निराळा आहे. ज्या दिवसानें सारें गांव नदीवर लोटलें, त्यानंतर महिन्याभरांत त्यानें साडेतीन रुपये खर्चून घड्याळ चालू केलें, मीठ आणि पेळू आणले, आणि तो पुन्हां कामास लागला. ह्यांत शोक कमी होता असें कोण म्हणेल?

अखेर आत्याच म्हणाली, “मार्चांतच नेलें होतें तर त्यांनीं. मग आपण कशास इतकीं वर्षें थांबवून ठेवलें?”

घड्याळजीनें कमान बदलली, तेल दिलें, आणि सात खुणांच्या खालीं आठवी खूण कोरली. घड्याळ आतां दिवसास तीन-चार मिनिटें मागें पडतें. त्याहून बारीक बसवावयास नवीन भाग लागतील, ते मीं घालूं दिले नाहींत. तें आत्येकडेच ठेविलें आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं ती त्यास किल्ली देते, आणि रेडिओच्या बातम्यांवर कांटे पुढें करून घेते.