शिकणाऱ्याचे बिऱ्हाड



शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शाळा-कॉलेजांच्या स्थापनेची वर्षे, संस्थापकांची नावे आणि निकालांचे आकडे सांगतो. विद्यार्थी रात्री कोठे निजला आणि दुपारी कोणाच्या पंगतीला जेवला, याची नोंद या इतिहासात क्वचितच सापडते. वस्तुतः परगावाहून आलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न वर्गातल्या बाकाचा नसतो, पथारीचा असतो. या बिऱ्हाडाच्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेण्याचे आज योजिले आहे. त्याचे एक अत्यंत बोलके प्रकरण आपल्या बडोद्यातच घडलेले आहे.

जुन्या काळी या प्रश्नाचे उत्तर समाजाने आपल्या परीने शोधले होते. पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत अथवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे मिळाली की आठवडा निभे. निजायला एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाची ओवरी असे. या प्रथेने कित्येकांना विद्यावंत केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु ही घरे कोणासाठी उघडत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वार मिळे तो प्रामुख्याने ब्राह्मणाच्या मुलाला. कुणब्याच्या मुलाला त्या स्वयंपाकघरात स्थान नव्हते आणि अस्पृश्याच्या मुलाला ओसरीवरही नव्हते. स्त्रियांची अडचण तर आणखी निराळी. विधवेने शिकायचे ठरविले तरी घर सोडून राहायचे कोठे? पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते शाळा आणि घर या दोन्ही नात्यांनी. नुसती शाळा काढून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हीच गोष्ट कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी १८९६ साली सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले होते. पण प्रत्यक्षात त्याचा लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. तेव्हा महाराजांनी धोरण बदलले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद दृढ होईल, अशी टीका आजही होते. तीत तथ्य नाही असे नाही. मात्र त्या काळी पर्याय एकत्र वसतिगृह की जातीचे वसतिगृह असा नव्हता. जातीचे वसतिगृह की गावाकडे परतणारी वाट, असा होता.

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास आले. स्टेशनावर उतरताच प्रश्न उभा राहिला तो बिऱ्हाडाचा. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी विनंती केली होती. ती वेळेत मान्य झाली नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या घोळक्याने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. एकाने नोकर सोडून जातील म्हणून, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हणून असमर्थता दाखविली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास या विद्वानाने कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

येथे क्षणभर थांबून पाहावे. आंबेडकरांजवळ पैसा होता, पदवी होती, खुद्द महाराजांचा आश्रय होता. नव्हते ते फक्त उघडे दार. आणि ते दार उघडणे राजाच्या हुकमापेक्षा घरमालकाच्या मनावर अवलंबून होते.

या मनाचा प्रश्न हाताळला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एका पंगतीत जेवलेल्या मुलांना समतेवर निराळे व्याख्यान देण्याची गरज उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वाढली. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पुण्यात खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली. तथापि वसतिगृहातील जागा विद्यार्थ्यांच्या संख्येला कधीच पुरल्या नाहीत. म्हणून कॉट बेसिस, खानावळीचा डबा आणि घरगुती खोली यांचे एक समांतर विद्यापीठच प्रत्येक विद्येच्या शहरात वसले. महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी थेट रक्कम देणारी योजना सुरू केली. तिला बाबासाहेबांचेच नाव आहे. भाड्याच्या पैशाची चिंता तिने काही अंशी हलकी केली. पण १९१७ साली पैसा हा प्रश्न नव्हताच, हे आपण नुकतेच पाहिले.

कायद्याने खाणावळीचे आणि धर्मशाळेचे दार सर्वांना उघडले. घरातील खोली मात्र बरीचशी मालकाच्या मर्जीची राहिली. 'आडनाव काय?', 'गाव कोणते?', 'घरी काय शिजते?' हे प्रश्न भाडे ठरण्याआधी आजही विचारले जातात. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेक जण परगावी शिकायला गेले असतील. अनेकांच्या घरी आज माडीवरची एखादी खोली रिकामी असेल. शाहू महाराजांनी इमारती दिल्या, कर्मवीरांनी पंगत दिली, शासनाने रक्कम दिली. उरलेले काम कोणत्याही संस्थेला करता येणारे नाही. ते उंबरठ्याच्या आतल्या माणसाचे आहे. पुढच्या जून महिन्यात एखादा अनोळखी मुलगा वा मुलगी वळकटी घेऊन आपल्या दाराशी उभी राहील, तेव्हा आडनावाआधी अभ्यासक्रम विचारला, तरी या स्मृतिदिनाचे सार्थक झाले असे मी समजेन.