शालेय भोजन व पिण्याचे पाणी (महाराष्ट्र)

शाळेत येणाऱ्या मुलाला दुपारचे शिजवलेले अन्न आणि पिण्यायोग्य पाणी मिळावे, यासाठी शासन, सेवाभावी संस्था व गावकरी यांनी चालविलेले कार्य. सरकारी दप्तरात अन्न आणि पाणी यांची खाती वेगळी असली, तरी शाळेच्या चुलीपाशी ती वेगळी राहत नाहीत. पाण्याशिवाय खिचडी शिजत नाही, ताटे धुतली जात नाहीत आणि दूषित पाण्याने जुलाब लागलेल्या मुलाच्या अंगी खाल्लेले लागत नाही.

गरीब विद्यार्थ्याचे पोट महाराष्ट्रात दीर्घकाळ समाजानेच भरले. वार लावून (आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी) जेवण्याची आणि माधुकरीची (घरोघरी शिजवलेले अन्न मागण्याची) सोय मात्र मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही चौकट मोडली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुले एका पंगतीत जेवू लागली. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. शालेय भोजनाच्या इतिहासात हे उदाहरण सर्वांत वरचे मानावे लागेल.

शासनाची योजना बरीच उशिरा आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण कार्यक्रम जाहीर केला व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो महाराष्ट्रात लागू झाला. तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. तो घरातल्या सर्वांच्या ताटात वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण पुढे ठरले.

ठाणे जिल्ह्यात या कामाची शहरी व ग्रामीण अशी दोन रूपे दिसतात. अंबरनाथमधील बुवापाडा आज शहरातली दाट वस्ती आहे. अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) अशा शहरी भागांत मध्यवर्ती स्वयंपाकघराची मुभा ठेवली असून तेथून अन्न गाडीने शाळेत पोचवता येते. जिल्ह्याबाहेर मुंबईत इस्कॉनच्या ‘अन्नामृत’ने २००४ पासून या पद्धतीने काम केले. पालघरमधील कांबळगाव व इगतपुरीजवळील मुंढेगाव येथे टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने आश्रमशाळांसाठी अशी स्वयंपाकघरे उभी राहिली. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, मुरबाड-शहापूर तालुक्यांच्या पाड्यांवर मात्र बचत गटाच्या बायका किंवा गावातलीच स्वयंपाकी-मदतनीस शाळेत अन्न रांधते. ताजेपणा आणि गावाची नजर या दोन्ही दृष्टींनी ही पद्धत सरस आहे. पण जवळपास पाणी नसेल तर तिचा सारा भार स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यावर येतो. स्वयंपाकी-मदतनिसाचे मासिक मानधन २०२३ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले, हेही फार कमी आहे.

शहापूरची स्थिती विशेष बोचणारी आहे. तानसा व भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

ग्रामीण पाण्याच्या कामात महाराष्ट्रातील सेवाभावी संस्थांनी साऱ्या जगाला उपयोगी पडलेली एक गोष्ट दिली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळात जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने कठीण खडकात विंधनविहिरी घेण्यास सुरुवात केली. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका घरापुरत्या वापरासाठी घडवलेले होते. गावाच्या दिवसभराच्या हापसण्यापुढे ते टिकेनात. जालना व सोलापूर येथील कार्यशाळांनी मग पोलादी, मजबूत पंप तयार केले. सोलापूर पंपाच्या बांधणीवरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप साकारला. गावोगावच्या शाळांसमोर दिसणारा हापसा बहुधा हाच असतो आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही तो पोचला आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी जलजीवन मिशनने शाळा व अंगणवाड्यांना नळाने पाणी देण्याची १०० दिवसांची मोहीम सुरू केली. नळ बसला तरी त्यामागचा झरा एप्रिल-मेमध्ये आटत असेल, तर काम अर्धेच राहते.

अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने योजनेतील प्रत्येक शाळेत स्वयंपाक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय बंधनकारक केली आहे. म्हणजे या बाबी आता दयेच्या नाहीत, हक्काच्या आहेत. तरीही जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने आहारातील अंड्यांसाठीचा निधी थांबवून ती लोकसहभागातून द्यावीत, असे सुचवले. जिथे भूक जास्त आहे, त्याच गावात देणगीदार कमी असतात. त्यामुळे हा निर्णय चुकीचा आहे. अंड्याचा खर्च शासनानेच उचलावा. वाढदिवसाला शाळेत गोडाधोडाचे जेवण देऊ इच्छिणाऱ्यांनी त्याऐवजी तेथील पाण्याची टाकी, गाळणयंत्र किंवा नादुरुस्त हापसा यांची आधी चौकशी करावी आणि तो खर्च उचलावा.