मिरगाच्या आतली कामे

दक्षिण कोकणात वर्षातली सगळ्यात कडक मुदत मृग नक्षत्र घालून देई. सात-आठ जूनला मृग लागतो, मालवणीत ‘मिरग’. त्याच्या आत घरात काय काय येऊन पडले पाहिजे, याची यादी घरोघर तोंडपाठ असे. या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात, घाटावर बेगमी आणि गोव्यात पुरुमेंत. जिन्नस थोडे बदलतात, धाक तोच. पुढचे तीन महिने बाजार, बोट, वाट आणि ऊन यांपैकी कशाचाच भरवसा नाही.

या प्रथेचा मागोवा मी घेऊ लागले त्याला माझे स्वतःचे कारण आहे. मी ऑटिस्टिक आहे. निदान चाळिशी जवळ आल्यावर झाले. मी मुद्रितशोधन करते. जाड पुस्तकात एकच आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी पडले असेल तर ते मला पहिल्या वाचनात टोचते. पण ‘महिनाअखेरीला पाहुणे येणार, तर आजपासून काय काय करायला हवे’ असे कुणी विचारले की डोके कोरे पडते. गॅस संपत आला हे मला दिसते. त्यावरून ‘तर मग आजच नंबर लावू’ हा पुढचा विचार मात्र आपणहून येत नाही. तो कुणीतरी आणून द्यावा लागतो.

अभ्यासकांनी हे कधीच नोंदवले आहे. १९९१ साली सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मुलामुलींना खुंट्यांवरच्या चकत्यांचे कोडे दिले होते. चकत्या एकेक करून हलवायच्या, मोठी कधीही लहानीवर ठेवायची नाही. पहिल्या चालीआधी पुढच्या चाली मनात मांडाव्या लागतात, आणि तिथेच ही मुले अडली. पुढचे मनात मांडण्याची ही ताकद प्रत्येकाच्या डोक्यात असते, माझ्या डोक्यात ती कमी आहे, असा त्याचा अर्थ मीही अनेक वर्षे लावत आले. आगोटीचा इतिहास वाचताना मला त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाचीच शंका येऊ लागली.

आधी मुदतीचे बघू. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखांना ते मागेपुढे होतात. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या जागेवरून ठरतात, म्हणून ती जागची हलत नाहीत. ३६५ दिवस २७ नक्षत्रांत वाटले की एकेकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात. रोहिणी दर वर्षी २५ मेच्या सुमारास, मग मृग, आणि २१-२२ जूनला आर्द्रा. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. त्याआधी पंचांग हाताने लिहिलेले, जोशाच्या घरी असे, आणि तो सांगेल ते गावाने धरून चालायचे. छापील पंचांग आले तरी ते वाचता येणारे थोडेच होते. पण वाचायची गरजही फारशी नव्हती. प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती असे एखादे वाहन असते आणि त्यावरून पाऊस कसा पडेल याच्या गप्पा रोहिणीतच सुरू होत. अंदाज चुको की बरोबर येवो, मुदत जवळ आल्याचे वाडीतल्या प्रत्येक कानावर पडलेले असे.

दुसरी मुदत समुद्राची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई आणि गोव्याच्या मधल्या बंदरांना आगबोटी लागू लागल्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून काठावर आणत. मेअखेर बोटी बंद होत, त्या पावसाचा जोर ओसरल्यावर सुरू होत. मेमध्ये गावी आलेला चाकरमानी शेवटच्या बोटीने परतला नाही, तर घाट चढून वर जाऊन रेल्वे गाठण्याखेरीज त्याला वाट नसे. पावसातल्या समुद्राला लोक उगाच भीत नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो तर जेमतेम काही तासांचा प्रवास होता.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांच्या मनिऑर्डरींच्या पावत्या घरात अजून आहेत. टपाल खात्याने मनिऑर्डरीचे काम १८८० साली हाती घेतले आणि कोकणातल्या घरांचे वर्ष त्या पैशांवर बेतले जाऊ लागले. एप्रिलची मनिऑर्डर इतर महिन्यांपेक्षा मोठी दिसते. तो आगोटीचा पैसा. त्याचे धान्य, मीठ, मिरची, रॉकेल करायचे काम आजीचे.

आजीला लिहिता येत नव्हते, आणि तिची यादी कुठे लिहिलेलीही नव्हती. ती यादी मे महिन्यात होती. रातांबे पिकून खाली पडू लागले की ते फोडून, सालींना रसाची पुटे देत उन्हात वाळवायची, की सोलां तयार. फणस खाल्ला की आठळ्या उरतात. त्या माती लावून कोपऱ्यात ठेवायच्या. नारळ सोलले की सोडणां जळणाला. शेणी वाळल्या की पडवीत रचायच्या. बाजारात खारा बांगडा, गोलमो, बोंबील यांचे ढीग लागले की ते घ्यायचे, कारण मिरगानंतर ताजी मासळी दुर्मीळ. भात उकडून वाळवायचे, कुळथाची पिठी दळायची, मसाला कुटायचा, इरली दुरुस्त करायची, मातीच्या भिंतींना नारळाच्या चुडतांच्या झडी बांधायच्या. यातले एकही काम आठवण्यावर सोपवलेले नव्हते. काम आपल्या पायांनी अंगणात येई. पिकलेले फळ, सरकलेले ऊन, शेजारणीच्या अंगणात पसरलेली चटई यांनी ते सुचवले जाई.

नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ साली ऑटिस्टिक मुलांसाठी उभा केलेला ‘टीच’ कार्यक्रम याच पायावर चालतो. पुढचे काम तोंडाने सांगू नका, समोर दिसेल असे मांडा, एक संपले की दुसरे दिसू द्या. आजीच्या पडवीत हे होतेच. तिच्या कोपऱ्यात आठळ्यांना ठरलेली जागा होती. जागा रिकामी दिसली की काम राहिलेले.

मुदत आणि डोळ्यांसमोर येणारे काम यांच्या जोडीची तिसरी गोष्ट माणसांची. पापड-कुरडया एकटीने करायचे काम कधीच नव्हते. आज हिच्याकडे लाटायचे, उद्या तिच्याकडे, आणि गेलेला हात परत येई. कुणी मुखदुर्बळ असली, कुणाला सुरुवातच सुधरत नसली, तरी सकाळी चार जणी पोळपाट घेऊन दारात उभ्या राहिल्या की काम सुरू होई. आज माझ्यासारखी माणसे कामाला हात लागावा म्हणून कुणाला तरी नुसते शेजारी बसवतात आणि त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. मी एका मैत्रिणीला फोन लावून ठेवते. ती तिचे कपडे घड्या घालते, मी वीजबिल भरते.

हे सगळे लिहिताना जुन्या काळाची आरती ओवाळायचा माझा बेत नाही. आगोट भरायला आधी काहीतरी उरावे लागते. खोती मुलखात, म्हणजे जिथे सारावसुली वतनदार खोताकडे असे तिथे, कुळाच्या भाताचा मोठा वाटा खोताच्या कणगीत जाई, आणि खोताच्या घरची पावसाळी कामे कुळांच्या वेठीने उरकत. डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. ज्यांच्या घरी श्रावणाआधीच तांदूळ संपे ते कुळथाच्या पेजेवर आणि रानातल्या कंदांवर दिवस काढत. त्यांना पुढचे दिसत नव्हते असे नाही. त्यांना ते लख्ख दिसत होते. साठवायला हातात काही नव्हते. शिवाय घरातल्या आगोटीचा भार बाईवर, आणि तिची चूक झाली तर पावसाळाभर बोलणी तिलाच. अशी चूक करणाऱ्या बायकांपैकी कितीजणी माझ्यासारख्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना ‘वेंधळी’ हा एकच शब्द मिळाला.

मग ही व्यवस्था एकेक धागा काढावा तशी उसवत गेली. त्याची सुरुवात बरीच जुनी आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौले कोकणात पसरली तशी दर वर्षी मिरगाआधी छपरावरचे नळे परतण्याची दगदग कमी झाली. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, आणि पुढे पापड ही बारमाही विकत मिळणारी वस्तू झाली. एस.टी. वाडीपर्यंत आली, आगबोटी थांबल्या, फ्रिज आले, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. आता डोंबिवलीत मी रात्री अकराला बटाटे मागवू शकते.

यात सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण मुदत गेली, अंगणात येऊन पडणारे काम गेले, पोळपाट घेऊन येणाऱ्या बायका गेल्या. त्या तिघांनी मिळून जे काम उचललेले होते ते सगळे आता एकेका डोक्यात भरले गेले आणि त्याला ‘नियोजनक्षमता’ हे व्यक्तीच्या गुणाचे नाव मिळाले. ‘सवडीने पाठवा, घाई नाही’ असे संपादक प्रेमाने लिहितात तेव्हा माझे काम तिथेच थांबते. ‘घाई नाही’ ही तारीख कुठल्याच पंचांगात नाही.

म्हणून मी आगोट पुन्हा मांडली आहे. माझे वर्ष महिन्यांचे नसून नक्षत्रांचे आहे. महिना मला फार लांब पडतो, आठवडा तोकडा. साडेतेरा दिवस पेलतात. रोहिणीत विम्याचा हप्ता आणि छत्री, मृगात दाताची तपासणी, आर्द्रेत कागदपत्रांची फाइल. डबे काचेचे आहेत आणि अर्ध्यावर लाल रेघ आहे. रेघ दिसली की तो डबा दारातल्या स्टुलावर जातो, म्हणजे बाहेर पडताना तो ओलांडावाच लागतो. गणपतीला गावी जायचे रेल्वे आरक्षण मला कधीच जड गेले नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, आणि त्या सकाळी अख्खी डोंबिवली त्याच कामाला बसलेली असते. शेवटची बोट गाठण्याची ती लगबग मला ओळखीची वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांनी कामाच्या जागी सोयी करून द्याव्यात असे त्यात म्हटले आहे. सोय म्हटली की लोकांना रॅम्प आणि लिफ्ट आठवते. माझ्यासारखीची सोय त्याहून स्वस्त आहे. ठरलेली तारीख द्या, काम तुकडे करून समोर मांडा, सुरुवातीला कुणाला तरी सोबत द्या. सरकार यांत्रिक मासेमारी बोटींसाठी १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद ठेवते, कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवते, वेगळे वेळापत्रक छापते, रुळांवर गस्त वाढवते. ७४१ किलोमीटरच्या त्या रेल्वेला कुणी वेंधळी म्हणत नाही. पाऊस येणार हे धरून चालणे आणि त्याप्रमाणे वेळापत्रक बदलणे यालाच शहाणपण म्हणतात. माझ्या डोक्यातल्या पावसाळ्यासाठी मी तेवढाच हिशेब मागते.