बॅबिलॉन ५: इनटू द फायर

बॅबिलॉन ५: इनटू द फायर हा सिएरा या अमेरिकन कंपनीने विकसित करावयास घेतलेला, परंतु प्रकाशनापूर्वीच रद्द झालेला संगणकीय खेळ होय. तो बॅबिलॉन ५ या विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित होता. अंतराळातील लढाऊ यान चालविण्याचा अनुभव देणे हा त्याचा गाभा होता. खेळासाठी मालिकेतील प्रमुख कलाकारांना घेऊन स्वतंत्र दृश्ये चित्रित करण्यात आली आणि मालिकेचे संगीतकार क्रिस्टोफर फ्रँके यांनी नवे संगीत रचून ध्वनिमुद्रित केले. बाजारात येण्यास काही महिनेच उरले असताना, २१ सप्टेंबर १९९९ रोजी सिएराने हे काम थांबविले. त्यामुळे चित्रित दृश्ये ज्या कामासाठी घेतली होती त्यासाठी कधीच वापरली गेली नाहीत.

मालिकेच्या चौथ्या पर्वातील सहाव्या भागाचे नावही ‘इनटू द फायर’ असेच आहे. हा लेख केवळ खेळाविषयी आहे.

पार्श्वभूमी

बॅबिलॉन ५ ही मालिका जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी निर्माण केली. तिचा प्रारंभिक चित्रपट १९९३ मध्ये, तर नियमित भाग १९९४ ते १९९८ या काळात प्रसारित झाले. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग स्ट्राझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. पाच वर्षांत आरंभ, मध्य आणि शेवट असलेली एकच दीर्घ कथा सांगावयाची, हे त्यांनी आधीच ठरविले होते. त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीत ही पद्धत विरळ होती.

मालिकेतील अंतराळयाने लहान प्रतिकृतींऐवजी संगणकावर तयार केलेली होती. प्रारंभिक चित्रपटाला त्याच्या दृश्यपरिणामांसाठी एमी पुरस्कार मिळाला. खेळनिर्मात्यांच्या दृष्टीने अशा मालिकेवर खेळ बेतणे स्वाभाविक होते, कारण पडद्यावरील युद्धे मुळातच संगणकातून जन्मलेली होती.

सिएरा ही कंपनी केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने स्थापन केली. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाजवळील ओकहर्स्ट या लहान गावात तिची वाढ झाली. पुढे मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे गेले, तरी ओकहर्स्टचा स्टुडिओ चालू राहिला आणि तो योसेमिटी एंटरटेनमेंट या नावाने ओळखला जाऊ लागला. इनटू द फायरचे काम याच स्टुडिओत सुरू झाले. सिएरासाठी पूर्वी साहसी खेळ रचलेल्या आणि मालिकेच्या पहिल्या पर्वातील एक भाग लिहिलेल्या क्रिस्टी मार्क्स यांचा खेळाच्या लेखनात सहभाग होता.

खेळाचे स्वरूप

मूळ योजनेनुसार खेळाडूने स्टारफ्युरी या एकआसनी लढाऊ यानाचा वैमानिक म्हणून आरंभ करावयाचा होता. अनुभव वाढेल तसा हुद्दा वाढून पुढे मोठ्या युद्धनौकांचे आणि शेवटी संपूर्ण ताफ्याचे नेतृत्व त्याच्याकडे येणार होते.

या खेळाविषयीच्या कुतूहलाचे मुख्य कारण स्टारफ्युरीची हालचाल हे होते. त्या काळातील बहुतेक अंतराळ-युद्धखेळांत याने विमानांसारखी उडत. वळताना ती वक्र मार्ग घेत आणि इंजिन बंद केले की हवेचा अडथळा असल्यासारखी मंदावत. निर्वात पोकळीत असे घडत नाही. एकदा मिळालेला वेग विरोधी बल लावेपर्यंत कायम राहतो आणि यानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे याचा त्याच्या मार्गाशी संबंध नसतो. मालिकेतील स्टारफ्युरीला इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराचे चार बाहू होते आणि त्यांच्या टोकांवर प्रणोदक बसविलेले होते. यान पुढे जात असतानाच जागच्या जागी गिरकी घेऊन पाठलाग करणाऱ्यावर गोळीबार करू शकत असे. न्यूटनच्या गतिनियमांवर आधारलेली ही हाताळणी खेळात आणण्याचे उद्दिष्ट होते. प्रेक्षकाला ती पाहताना सोपी वाटे. खेळाडूच्या हाती मात्र असे यान देणे अवघड असते, कारण थांबण्यासाठीही त्याला तेवढ्याच बलाने उलट्या दिशेला ढकलावे लागते.

कलाकारांचे चित्रीकरण

संगणकीय खेळांत खऱ्या अभिनेत्यांची चित्रित दृश्ये वापरण्याची प्रथा सीडी-रॉममुळे रूढ झाली. फ्लॉपी डिस्कवर काही सेकंदांचे चलच्चित्रही मावत नसे, तर एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती बसत असे. १९९४ मधील विंग कमांडर ३ या खेळात मार्क हॅमिल आणि माल्कम मॅकडॉवेल यांनी भूमिका केल्या. त्यात कलाकार एकरंगी पडद्यापुढे उभे राहत आणि त्यांच्यामागील यानाचा अंतर्भाग संगणकावर रचला जाई. १९९७ च्या स्टार ट्रेक: स्टारफ्लीट अकॅडमी या खेळात विल्यम शॅटनर, जॉर्ज टकेई आणि वॉल्टर केनिग हे मालिकेतील आपापल्या भूमिकांत दिसले. केनिग हे बॅबिलॉन ५ मध्येही बेस्टर या पात्राच्या रूपाने वारंवार येत. द एक्स-फाइल्स या मालिकेवरील १९९८ चा खेळ तर सात सीडींवर विकला गेला.

या दृश्यांचे स्वरूप चित्रपटातील दृश्यांहून वेगळे असते. खेळाडू जिंकला, हरला किंवा त्याने आज्ञा मोडली, तर त्या प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा संवाद चित्रित करावा लागतो. एकच अभिनेता एकाच जागी उभा राहून अभिनंदन करतो, फटकारतो आणि मृत्यूची वार्ताही देतो. समोर दुसरे पात्र नसते, कारण ते पात्र म्हणजे घरी बसलेला खेळाडू असतो. अशा तुकड्यांना अर्थ येतो तो खेळाच्या संगणकीय रचनेतून. मोहीम, तिचा निकाल आणि पार्श्वभूमीचे चित्र काढून घेतले तर उरतात ती तुटक वाक्ये. म्हणूनच रद्द झालेल्या खेळातील चित्रीकरण अपूर्ण चित्रपटासारखे नुसते जोडून दाखविता येत नाही.

रद्द होण्याची कारणे

खेळ बंद पडण्यामागे कंपनीच्या मालकीतील उलथापालथ होती. १९९६ मध्ये सीयूसी इंटरनॅशनल या कंपनीने सिएरा विकत घेतली. पुढील वर्षअखेरीस सीयूसीचे एका दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण होऊन सेंडंट ही कंपनी अस्तित्वात आली आणि १९९८ मध्ये सीयूसीच्या जुन्या हिशेबांतील मोठा गैरव्यवहार उघडकीस आला. त्यानंतर सेंडंटने आपला सॉफ्टवेअर विभाग व्हिवेंडी समूहातील आव्हास या फ्रेंच कंपनीला विकला.

नव्या व्यवस्थेत २२ फेब्रुवारी १९९९ रोजी ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद करण्यात आला. जुन्या चाहत्यांमध्ये हा दिवस ‘करवतीचा सोमवार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. बॅबिलॉन ५ चे काम मात्र वॉशिंग्टन राज्यात हलवून चालू ठेवण्यात आले. सात महिन्यांनी झालेल्या दुसऱ्या पुनर्रचनेत शंभराहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि इतर काही प्रकल्पांबरोबर हाही खेळ संपुष्टात आला.

परिस्थितीही प्रतिकूल होती. मालिकेचा अंतिम भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसारित झाला होता. तिच्या कथाविश्वातील पुढची मालिका क्रुसेड ही टीएनटी वाहिनीने अवघ्या १३ भागांनंतर थांबविली होती. अंतराळ-युद्धखेळांची बाजारपेठही आक्रसत होती. इनटू द फायर रद्द झाल्यावर नऊच दिवसांनी अमेरिकेत प्रकाशित झालेला फ्रीस्पेस २ हा खेळ समीक्षकांनी वाखाणला, पण त्याची विक्री निराशाजनक ठरली. तरीही सर्व भार बाजारपेठेवर टाकणे योग्य ठरणार नाही. तीन वर्षांत दोनदा मालक बदललेल्या कंपनीत, परवाना घेऊन केलेला खर्चिक खेळ हा हिशेबाच्या वहीतून सर्वांत आधी वगळला जाणारा विषय असतो.

दृश्यांचे मूल्य आणि अडचणी

परवान्यावर बेतलेल्या खेळातील चित्रीकरणावर सहसा एकाहून अधिक पक्षांचा अधिकार चालतो. पात्रे आणि कथाविश्व मालिकेच्या हक्कधारकाचे, म्हणजे येथे वॉर्नर ब्रदर्सचे, असतात. खेळाचे काम प्रकाशकाचे असते. कलाकारांचा मोबदला आणि चित्रीकरणाच्या वापराच्या अटी त्यांच्या करारात ठरलेल्या असतात. परवाना विशिष्ट खेळापुरता दिलेला असल्याने तो खेळ नाहीसा झाला की तीच दृश्ये अन्यत्र वापरण्याचा मार्ग आपोआप खुला होत नाही. सिएराची मालमत्ता पुढे २००८ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनकडे आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली.

मूळ चित्रीकरण जपले जाण्याचे महत्त्व खुद्द मालिकेच्या बाबतीत दिसून आले. २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसारित झाली तेव्हा अभिनेत्यांची दृश्ये मूळ फिल्मवरून नव्याने उतरविता आली. संगणकीय परिणाम असलेली दृश्ये मात्र जुन्या कमी स्पष्टतेच्या प्रतींवरून मोठी करावी लागली आणि दोहोंतील फरक डोळ्यांना जाणवतो.

दरम्यान मालिकेच्या प्रमुख कलाकारांपैकी रिचर्ड बिग्ज, अँड्रियास कात्सुलास, जेफ कॉनवे, मायकेल ओ’हेअर, जेरी डॉइल, स्टीफन फर्स्ट आणि मीरा फुर्लान यांचे निधन झाले. २०२३ मधील द रोड होम या सचेतपटात जी’कार आणि डेलेन यांसारख्या पात्रांना इतर कलाकारांचे आवाज द्यावे लागले. मूळ कलाकारांनी या कथाविश्वासाठी केलेले कोणतेही अप्रकाशित काम चाहत्यांना मोलाचे वाटते ते यामुळेच. स्टार ट्रेक: सीक्रेट ऑफ व्हल्कन फ्युरी या रद्द झालेल्या खेळासाठी मूळ मालिकेतील कलाकारांनी दिलेल्या आवाजांबाबतही अशीच हळहळ व्यक्त होते.

चाहत्यांचे खेळ

अधिकृत खेळाची जागा पुढे चाहत्यांच्या प्रयत्नांनी काही अंशी भरून काढली. आय’व्ह फाउंड हर या खेळात न्यूटनच्या नियमांनुसार चालणारी स्टारफ्युरी साकारण्यात आली. दुसरा प्रयत्न फ्रीस्पेस २ च्या आधारे झाला. त्या खेळाची मूळ आज्ञावली २००२ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आल्यावर चाहत्यांनी तिच्यावर द बॅबिलॉन प्रोजेक्ट हा खेळ रचला आणि तो विनामूल्य उपलब्ध करून दिला.