जीपच्या शॅकलचे पोलाद

कमानपाटा दबला की सरळ होतो आणि सरळ होताना लांबतो. म्हणून त्याचे एक टोक चासीला पक्के धरून दुसरे झुलत्या कडीत अडकवतात. ही कडी म्हणजे शॅकल. लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले आणि घोडागाड्यांना पाटे बसवण्याची पद्धत पसरली. पाट्यांच्या जोडणीचे भाग त्या काळी लोहार घडीव लोखंडातून ठोकून काढत. घडीव लोखंडात मळीचे लांबट तंतू असतात आणि तंतूंच्या दिशेने ते अधिक ताण सोसते. त्यामुळे तंतू भागाच्या लांबीला समांतर ठेवणे हे लोहाराचे मोठे कसब होते.

मोटारीने ही जोडणी कारखान्यात नेली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये व्हॅनेडियमयुक्त पोलादाचा मोठा वापर झाला. १९४१ पासून बनलेल्या विलिस जीपमध्ये शॅकल इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा होता. त्याच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असत आणि ती आटेदार बुशांत फिरत. पुढे पट्ट्या, पिन आणि रबरी बुश यांची जोडणी रुळली. या बदलाने घरगुती शॅकलची वाट मोकळी केली, कारण आटेदार यू घरी बनवणे अवघड, तर पट्टी कापून दोन भोके पाडणे कोणत्याही वर्कशॉपला जमणारे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपा अमेरिकेत नागरिकांच्या हाती आल्या. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर जीपचालकांचा पहिला मेळावा, जीपर्स जंबोरी, झाला. दगडधोंड्यांसाठी मोठे टायर हवेत, त्यांना जागा हवी, आणि उंची वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल. तो दोन इंचांनी वाढवला तर गाडी साधारण एक इंच उचलली जाते. पुढच्या पाट्यांना तो पुढच्या टोकाशी असल्यास अॅक्सल पुढे कलतो, कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल, कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटू लागते.

हाताशी येणारे पोलाद म्हणजे बांधकामाची प्लेट. अमेरिकेत आधी ए७ दर्जा होता, त्याची किमान नती-ताकद, म्हणजे पोलाद कायमचे वाकू लागते तो ताण, दर चौरस इंचाला ३३,००० पौंड. १९६० मध्ये आलेल्या ए३६ ने ती ३६,००० वर नेली. एवढे पुरते का? साधारण १,१०० किलोच्या जीपमध्ये उभ्या स्थितीत एका शॅकलच्या वाट्याला दीडशे किलोच्या आतच भार येतो. ४० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड आणि १४ मिलिमीटर भोकाची एकच पट्टी सरळ ओढीत जवळजवळ चार टन सोसते. धोका आडव्या रेट्याचा असतो. तीच पट्टी एका टोकाला घट्ट धरून दहा सेंटिमीटरवर साठेक किलोने बाजूला ढकलली, तर कायमची वाकू लागते. उतारावर तिरक्या उभ्या गाडीत असा रेटा येतोच. इथे महागड्या पोलादाचा मोह आवरावा. सर्व पोलादांचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो. जाडी ६ वरून ८ मिलिमीटर केली की मात्र पट्टीचा ताठरपणा दुपटीहून अधिक वाढतो. दोन पट्ट्यांमध्ये आडवा तुकडा वेल्ड करण्याची चालही आडवा रेटा पेलण्यासाठीच रूढ झाली.

जुन्या पाट्याचेच तुकडे वापरण्याची कल्पना सहज सुचते. महाराष्ट्रात ट्रकच्या पाट्यापासून उत्तम कोयते घडतात, कारण स्प्रिंग स्टील धार धरते. शॅकलला मात्र हाच गुण अडसर ठरतो. ते भोक पाडताना ड्रिल खाते आणि साध्या वेल्डिंगने वेल्डजवळ ठिसूळ होते. तडा मग पूर्वसूचनेशिवाय जातो. माइल्ड स्टील आधी वाकते, आणि वाकलेली पट्टी डोळ्यांना दिसते. विमान उद्योगातून आलेले ४१३० क्रोम-मॉलि शर्यतीच्या गाड्यांत शोभते, पण त्यालाही वेल्डिंगची शिस्त लागते.

पिनचा हिशेब वेगळा आहे. तिथे कातर आणि झीज दोन्ही असल्याने कणखर पोलाद हवे. ब्रिटनने युद्धकाळात, १९४१ मध्ये, ईएन क्रमांक लावले; त्यांतले सुमारे ०.४ टक्के कार्बनचे ईएन८ भारतातल्या लेथ कारागिरांच्या आजही तोंडी आहे आणि पिनेला चालते. तयार बोल्ट वापरल्यास उच्च दर्जाचा घेतात आणि त्याची लांबी अशी निवडतात की पट्टीच्या भोकात आटे न येता गुळगुळीत दांडाच येईल.