सुताराच्या घरचा शिल्पकार

१८१८ च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव झाला आणि जूनमध्ये त्याने सर जॉन माल्कम यापुढे शरणागती पत्करली. पेशवाई संपली. १८२७ साली मुंबईचा गव्हर्नर झालेल्या या माल्कमचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे. त्याच्या आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचाही पुतळा तेथेच आहे. दोन्हींचा शिल्पकार एकच : सर फ्रान्सिस चँट्री.

चँट्रीचा जन्म १७८१ साली इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या नॉर्टन गावी सुताराच्या घरी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. काही काळ किराणा दुकानात राबून तो लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागला. १८१९ मध्ये त्याने इटलीचा प्रवास करून कानोव्हाची भेट घेतली. ग्रीक-रोमन शिल्पांचा संयम त्याने स्वीकारला. परंतु रूपकांचा पसारा टाळून माणसाच्या मुद्रेवर भर दिला. आधी रेखाटन, मग मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टर आणि अखेरीस साहाय्यकांच्या हातून काटेकोर मापाने संगमरवर, अशी त्याची पद्धत होती. हिंदुस्थान त्याने कधीच पाहिला नाही. १८४१ साली तो निवर्तला. आपली संपत्ती त्याने कलाकृतींच्या खरेदीसाठी रॉयल अकादमीस ठेवली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवरील अनेक ब्रिटिश पुतळे हलविले गेले. टाऊन हॉलमधील हे मात्र जागीच राहिले. पराभव आपल्या पूर्वजांचा होता, हे विसरण्याचे कारण नाही. तथापि सत्तेपुढे मान न तुकविताही, दगडाला मुद्रा देणाऱ्या हातांचा आदर करता येतो.